गच्चीवरची टाकी आणि एक लिनक्स ड्रायव्हर : कामाच्या नोंदी, वडोदरा

काम काय : दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी आहे. तिच्यात पाणी किती उरलंय ते अल्ट्रासॉनिक सेन्सरनं मोजायचं आणि तो सेन्सर वाचणारा लिनक्स कर्नलचा ड्रायव्हर स्वतः लिहायचा. नुसती पातळीच हवी असेल तर पायथनच्या वीसेक ओळींत भागतं. ते आधी करून पाहिलंय. आकडे अधूनमधून उड्या मारतात, पण चालतं. मला ड्रायव्हर लिहायला शिकायचं होतं, टाकी हे निमित्त. ज्यांना सी येतं पण कर्नलला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी या नोंदी. कर्नल म्हणजे काय वगैरे इथे नाही.

४ मे २०२५

सामान जमवलं. जुना रास्पबेरी पाय ३ बी प्लस (छोटा एका बोर्डाचा लिनक्स संगणक, पुढे नुसता "पाय") घरात पडून होता. रावपुऱ्यातल्या दुकानातून जेएसएन-एसआर०४टी हा सेन्सर घेतला, ३८० रुपये. हा वॉटरप्रूफ : रिव्हर्स पार्किंगला लावतात तीच गोल टिकली, लांब वायर आणि वेगळा छोटा बोर्ड. साधा एचसी-एसआर०४ बराच स्वस्त पडतो, पण टाकीतल्या दमटपणात तो फार दिवस काढणार नाही.

दोघांची रीत एकच. ट्रिगर पिनवर क्षणभर पल्स द्यायचा, सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आणि आवाज आपटून परत येईपर्यंत एको पिन हाय राहते. ती किती वेळ हाय होती ते मोजलं की अंतर निघालं.

एको पिन ५ व्होल्टची, पायच्या जीपीआयओ पिना (बाहेरच्या वायरी जोडायच्या पिना) ३.३ व्होल्टच्या. दुकानदार म्हणाला, "सीधा लगा दो, कुछ नहीं होता." मी लावलं नाही, तुम्हीही लावू नका. दोन रेझिस्टरचा डिव्हायडर पुरतो : वर १ किलोओहम, खाली २. दुकानात २ चा नव्हता, म्हणून १ चेच दोन एकापुढे एक जोडले. ५ चे दोन तृतीयांश म्हणजे ३.३३, बरोबर बसतं. रेझिस्टर आणि वायरी मिळून ६० रुपये.

सोबत यूएसबी-सीरियल केबल घेतली, १७० रुपये. ही चैन नाही. कर्नल कोसळला की एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून केलेलं लॉगिन, आधी मरतं आणि शेवटचे शब्द फक्त सीरियलवर उमटतात. कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी, म्हणजे सीरियल पोर्ट, चालू करायचं, वेग १,१५,२००, जीपीआयओ १४ आणि १५ वर वायरी, आणि ग्राउंड. केबलची लाल वायर मोकळीच ठेवायची.

हे सगळं आता का, तर गेल्या वर्षी ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमची तळटाकी आणि मोटर दोन्ही गेली होती. वरच्या टाकीत आहे तेवढ्यावर घरं चालवायची, आणि नेमकं आहे किती हे बघायला दर तासाला कुणीतरी भिजत वर जायचं.

१० मे

पहिला मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा तुकडा : लोड झाला की एक ओळ छापतो, काढला की दुसरी. अडचणी सगळ्या बिल्डच्या.

मेकफाइलमध्ये "मिसिंग सेपरेटर". एडिटर टॅबच्या जागी आठ स्पेस घालत होता. कर्नलच्या कामासाठी ती सेटिंग आधीच बंद करा, पुढे सी फाइललाही खरे टॅबच लागतात.

मग मॉडपोस्ट, म्हणजे बिल्डच्या शेवटी मॉड्यूल तपासणारा प्रोग्रॅम, लायसन्सवर अडला. मॉड्यूल लायसन्सची ओळ नसेल तर हल्ली बिल्डच होत नाही. "जीपीएल" लिहा. दुसरं काही लिहिलं तर बिल्ड होईल, पण कर्नलची बरीच फंक्शन्स फक्त जीपीएल मॉड्यूललाच मिळतात.

अख्खा कर्नल बिल्ड करायची गरज नाही. चालू कर्नलचे हेडर्स पॅकेजमधून घेतले की एका फाइलचा मॉड्यूल पायवरच काही सेकंदांत तयार होतो.

११ मे

ट्रिगर पिन हलवायची एवढंच आजचं काम. इंटरनेटवर सापडणारे जवळजवळ सगळे धडे पिनेचा नंबर थेट देऊन ती मागतात : जीपीआयओ रिक्वेस्ट, २३. माझ्याकडे उत्तर आलं उणे ५१७.

कर्नलच्या एरर यादीत ५१७ म्हणजे "प्रोब डिफर" : ज्या चिपकडे हा नंबर असेल ती अजून आलेली नाही, नंतर ये. चिप तर समोर चालू होती. उत्तर डीबग-एफएसच्या (कर्नल आतली माहिती दाखवतो तो फोल्डर) जीपीआयओ फाइलमध्ये होतं. रास्पबेरी पायच्या ६.६ कर्नलपासून या चिपचे नंबर शून्यापासून सुरू होत नाहीत, ५१२ पासून होतात. म्हणजे कर्नलच्या हिशेबात पायवरची पिन २३ ही ५३५.

५३५ लिहिलं, पिन हलली. मग ते पुसलं. हे नंबर उद्या पुन्हा बदलू शकतात, आणि नंबरानं पिन मागायची पद्धतच कर्नलमध्ये मोडीत निघाली आहे. हल्लीची रीत अशी की पिन कुठली ते डिव्हाइस ट्रीत (बोर्डाला काय कुठे जोडलंय याची कर्नलसाठीची यादी) लिहायचं आणि ड्रायव्हरनं ती नावानं मागायची. जुने धडे वाचताना एवढं बघा : फंक्शनचं नाव "जीपीआयओडी" पासून सुरू होत असेल तर पुढे वाचा, नुसतं "जीपीआयओ" असेल तर सोडा.

१८ मे

डिव्हाइस ट्री. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तोही अशा चुकांवर ज्या स्वतःहून तोंड उघडत नाहीत.

ओव्हरले म्हणजे त्या ट्रीत भर घालणारी छोटी मजकूर फाइल : नोडचं नाव, कम्पॅटिबल ही ओळख, ट्रिगरची पिन, एकोची पिन. डीटीसीनं (डिव्हाइस ट्रीचा कंपायलर) कंपाइल करून ओव्हरलेच्या फोल्डरमध्ये टाकली, कॉन्फिगमध्ये ओळ घातली, पाय रीबूट केला. काहीच नाही. एररही नाही. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीत बूटचं सगळं सामान बूट फर्मवेअर या फोल्डरमध्ये गेलंय. धड्यात जुनी जागा होती.

योग्य जागी टाकली. तरी प्रोब फंक्शन चालेना. मॉड्यूल नीट लोड होतो, यादीत दिसतो, डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) गप्प. हा प्रकार नीट समजून घ्या, कारण तो प्रत्येकाला भेटतो. कर्नल प्रोब तेव्हाच हाक मारून चालवतो जेव्हा डिव्हाइस ट्रीतली कम्पॅटिबल ओळ आणि ड्रायव्हरमधली ओळ अक्षरशः सारखी असते. माझ्या एकीत स्वल्पविरामानंतर स्पेस होती. जुळलं नाही म्हणजे कर्नलच्या दृष्टीनं चूकच झालेली नाही. असे शेकडो ड्रायव्हर आपापलं डिव्हाइस न मिळाल्यानं गप्प बसलेले असतात.

तपासायचा क्रम मी आता असा ठेवलाय. आधी प्रोक-डिव्हाइस-ट्रीमध्ये नोड आहे का. मग सिस-बस-प्लॅटफॉर्मच्या डिव्हाइसेसमध्ये तो दिसतो का. दोन्ही असतील तर दोष जुळणीतच. पहिलाच नसेल तर ओव्हरले लागलेला नाही. आणि प्रत्येक वेळी रीबूट करत बसू नका, डीटीओव्हरले ही कमांड चालू सिस्टिमवर ओव्हरले चढवते आणि काढते.

प्रोब चालला, तर पिना मिळेनात : उणे २, म्हणजे सापडत नाही. ट्रीत प्रॉपर्टीचं नाव "ट्रिग-जीपीआयओज्". ड्रायव्हरमध्ये मीही तेच पूर्ण नाव दिलं होतं. तिथे फक्त "ट्रिग" द्यायचं, शेपूट कर्नल स्वतः जोडतो. नाहीतर तो "ट्रिग-जीपीआयओज्-जीपीआयओज्" शोधत बसतो.

२४ मे

सकाळी सवयीनं सगळी पॅकेजेस अपडेट केली. कर्नल ६.६ वरून ६.१२ वर गेला आणि मॉड्यूल लोड होईना : "इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट". ज्या कर्नलसाठी बिल्ड केला तोच कर्नल लागतो, एवढाच अर्थ.

पुन्हा बिल्ड केला तर बिल्डही अडला. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन (ड्रायव्हर काढताना चालतं ते) आधी इंट परत करायचं, ६.११ पासून ते व्हॉइड झालंय. कारण पटण्यासारखं आहे : डिव्हाइस निघालेलंच असतं, तुम्ही रिमूव्हमधून एरर परत केलीत तरी कर्नल तिचं काय करणार? ओळ बदलली, चाललं.

कर्नलच्या आतल्या फंक्शन्सना कायमस्वरूपाचं कुठलंही वचन नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमना आहे, आतल्या ड्रायव्हरना नाही. ड्रायव्हर कर्नलच्या झाडात असेल तर फंक्शन बदलणाराच तोही दुरुस्त करतो, बाहेर असेल तर तुमचं तुम्ही बघा. डीकेएमएस बसवलं, त्यामुळे नवा कर्नल आला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बिल्ड होईल. आजच्यासारखा बदल आला तर अर्थात तेही थांबेल.

१ जून

इंटरप्ट. म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक. एको पिन वर गेली की एक, खाली आली की दुसरा. हँडलरमध्ये (त्या हाकेवर चालणारं फंक्शन) दोन्ही क्षणांची वेळ नॅनोसेकंदात टिपायची, वजाबाकी करायची.

आधी ट्रिगर. डेटाशीट १० मायक्रोसेकंद म्हणते. माझा बोर्ड १० ला कधी उत्तर देई, कधी नाही. २० केल्यावर नियमित झाला. एवढ्या छोट्या काळासाठी यू-डीले वापरायचा, म्हणजे प्रोसेसर जागच्या जागी थांबतो. झोपणारं फंक्शन वापरलं तर पल्स किती लांबेल याचा भरवसा नाही.

मग जे झालं ते सविस्तर लिहितो. टेबलावर सेन्सर भिंतीसमोर ठेवला, अंतर ४० सेंटिमीटर. ड्रायव्हर म्हणाला ९१. सेन्सर पुढे सरकवला, ३० सेंटिमीटर : पुन्हा ९१ च्या आसपास. डिव्हायडर तपासला, वायरी बदलल्या, पायथनची जुनी स्क्रिप्ट चालवली. ती ३० च म्हणते. मग दिवाणखान्याच्या लांबीत मोजून पाहिलं. दोन मीटरला दोन मीटर, दीडला दीड. एक मीटरपर्यंत बरोबर आणि त्याच्या आत आलं की आकडा ९० च्या खाली जायलाच तयार नाही.

जवळचं चुकतंय आणि लांबचं बरोबर येतंय, म्हणजे सूत्र चुकलेलं नाही. काहीतरी किमान वेळ मध्ये अडकलाय.

कंटाळून पाय रीबूट केला, तर सगळं बरोबर. ३० ला ३०. काय वाचतंय हे बघायला डीमेसेजची पातळी ८ केली, कारण रास्पबेरी पाय ओएसमध्ये ती मुळात इतकी खाली असते की साधे संदेश सीरियलवर येतच नाहीत. आणि लगेच पुन्हा ९१.

तिथे उलगडा झाला. पिन वर गेल्याचा इंटरप्ट आला की मी वेळ टिपून लगेच एक ओळ छापत होतो. पातळी ८ असली की ती ओळ सीरियलवर जाते, आणि छापणारा ती जाईपर्यंत तिथेच उभा राहतो. वेग १,१५,२०० बिट, एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. माझी ओळ साधारण ६० अक्षरांची : ५.२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज जाऊन-येऊन ८९ सेंटिमीटरवरच्या वस्तूला शिवून येतो. भिंत ३० सेंटिमीटरवर असली तर एको पिन केव्हाच खाली आलेली असते, पण त्या बातमीचा इंटरप्ट माझी ओळ छापून होईपर्यंत दाराबाहेर ताटकळतो. लांबच्या भिंतीला एको यायच्या आधीच ओळ संपते, म्हणून तिथे सगळं ठीक.

हँडलरमधली छपाई काढली. आत काय चाललंय ते बघायचंच असेल तर ट्रेस-प्रिंटके आहे, तो मेमरीतल्या बफरमध्ये लिहितो आणि आपण नंतर ट्रेसिंगच्या फोल्डरमधून सावकाश वाचायचं.

हँडलरमध्ये आता तीनच गोष्टी उरल्यात : पिन वर की खाली ते बघणं, वेळ टिपणं, वाट बघणाऱ्याला उठवणं.

८ जून

दोन टर्मिनलमधून एकदम वाचलं की आकडे एकमेकांत मिसळतात. एकाचा ट्रिगर, दुसऱ्याची वेळ. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लागणार हे उघड होतं. तो मोजणी सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये घातला आणि हँडलरमध्येही घातला, कारण दोघेही त्याच वेळा वाचतात-लिहितात.

पहिल्याच मोजणीला सीरियलवर "बग : शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक" आणि खाली भलामोठा स्टॅक. म्युटेक्स मिळाला नाही की मागणारा झोपतो. हँडलरला झोपायची परवानगी नाही, तो कुठल्याच प्रोसेसच्या वतीनं चालत नसतो, मग उठवणार कुणाला? आणि इथे म्युटेक्स कधीच मिळणार नव्हता, कारण तो धरून बसलेलं फंक्शन त्याच हँडलरची वाट बघत होतं.

उपाय : म्युटेक्स फक्त वाचणाऱ्यांच्या बाजूला, म्हणजे एका वेळी एकच मोजणी. हँडलर आणि मोजणी यांच्यात कम्प्लीशन. मोजणी करणारा थांबतो, हँडलर "झालं" म्हणतो. थांबण्याला मुदत हवीच, नाहीतर वायर सुटली की वाचणारा कायमचा अडकेल.

पाय गोठला होता, वीज काढावी लागली. परत चालू केला तर सी फाइल शून्य बाइटची. नुकतीच सेव्ह केलेली, पण मेमरी कार्डावर पोचलेलीच नव्हती. पुढच्या असल्याच कोसळण्यात कार्डच गेलं, नवं ४२० रुपयांना आणलं. आता सोर्स लॅपटॉपवर, गिटमध्ये. पायवर फक्त कॉपी जाते, आणि इन्समॉडच्या (मॉड्यूल चढवायची कमांड) आधी सिंक (राहिलेलं कार्डावर लिहून टाकायची कमांड). हे पहिल्या दिवशीच करा.

१५ जून

मॉड्यूल काढताना कर्नल कोसळतोय. दर वेळी नाही, अधूनमधून.

उप्सचा, म्हणजे कर्नल कोसळताना छापतो तो, मजकूर बघून घाबरायला होतं, पण त्यातल्या दोन ओळी आधी वाचायच्या. पहिली : कुठल्या पत्त्यावर अडकलं. दुसरी : पीसी, म्हणजे तेव्हा कुठलं फंक्शन चालू होतं, फंक्शनाच्या नावापुढे अधिक चिन्ह आणि किती बाइट आत. माझ्याकडे ती माझ्याच हँडलरची होती. ऑब्जडंपनं मॉड्यूल उलगडला, त्या बाइटवर गेलो, तर कम्प्लीशनला "झालं" सांगणारी ओळ.

हँडलर मॉड्यूल काढताना चालूच कसा? ड्रायव्हरच्या डेटासाठी मेमरी मी के-झेड-ॲलॉकनं घेतली होती आणि रिमूव्हमध्ये के-फ्रीनं सोडत होतो. इंटरप्ट मात्र डेव्ह-एम प्रकारचा, जो कर्नल आपोआप सोडतो, आणि तो सोडतो रिमूव्ह संपल्यानंतर. म्हणजे मधला थोडा काळ असा की डेटा गेला पण हँडलर जिवंत. घर पाडून झालं तरी पोस्टमनला कुणी कळवलेलं नाही, तो पत्र टाकायला येतोच.

बरं, त्याच फटीत एको येणार कशी? कधीकधी आवाज परतच येत नाही. तेव्हा सेन्सर एको पिन बराच वेळ हाय ठेवून मग सोडतो. माझी मुदत २० मिलिसेकंद. मुदत संपली, मोजणी एरर घेऊन परत गेली, मी मॉड्यूल काढायला घेतला, आणि तेवढ्यात उशिराची एको. म्हणून अधूनमधून.

डेटाही डेव्ह-एम प्रकारानं घेतला. डेव्ह-एम गोष्टी घेतल्याच्या उलट क्रमानं सुटतात : आधी डेटा घेतला, मग इंटरप्ट, म्हणून आधी इंटरप्ट जाईल, मग डेटा. अर्धं हातानं आणि अर्धं डेव्ह-एमनं, असा संसार करू नका.

त्या उशिराच्या एकोचा आणखी एक उपद्रव होता : ती पुढच्या मोजणीत घुसायची. आता प्रत्येक मोजणीच्या आधी कम्प्लीशन कोरं करतो आणि दोन मोजण्यांत किमान ६० मिलिसेकंद सोडतो. एचसी-एसआर०४ ची डेटाशीटही तेवढंच सांगते.

२२ जून

सेन्सर गच्चीवर चढवला. प्लंबरनं झाकणाला भोक पाडून दिलं. पाऊस सुरू झालाय, पाय जिन्याच्या खोलीत, फक्त वायर बाहेर.

टाकी भरत आली की आकडे वेडेवाकडे. कोडमध्ये शोधू नका : या सेन्सरला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. सोडलेल्या आवाजानं टिकली अजून थरथरत असते, तेवढ्यात एको येऊन जाते. झाकणावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा बसवून सेन्सर वर उचलला, ९० रुपये. पाइप अरुंद घेतला तर आवाज त्याच्याच कडांना आपटून परत येतो, रुंद घ्या.

वॉचमन खालून ओरडला, "साहेब, टांकी भराई गई!" आणि स्क्रीनवर ड्रायव्हरही तेच म्हणत होता. तळमजल्याच्या काकूंनी विचारलं, "अरे, तुझ्या त्या डबीला विचार, आता कपडे भिजवू का संध्याकाळी?"

२९ जून

उघडीप असली की दुपारी पाणी आपोआप वाढतं. कुणी मोटर लावलेली नाही, नळाला पाणी नाही, तरी पातळी हळूहळू चारेक सेंटिमीटर वर, आणि संध्याकाळी खाली.

गरम हवेत आवाज जास्त वेगानं जातो. अंदाजी सूत्र : ३३१.५ अधिक तापमानाच्या ०.६ पट, मीटर दर सेकंदाला. २० अंशाला ३४३.५. टाकीत थर्मामीटर सोडला तर दुपारी दोनला ४६ अंश, तिथे ३५९. साडेचार टक्के फरक. एक मीटर रिकाम्या जागेमागे साडेचार सेंटिमीटर, आमच्या टाकीत जवळपास चाळीस लिटर.

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावला, ११० रुपये. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये तयार आहे. दुरुस्तीचा हिशेब माझ्या ड्रायव्हरमध्ये घालायचा मोह झाला, घातला नाही. एक तर कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित करत नाहीत. ते मिलिमीटर आणि नॅनोसेकंद घेऊन पूर्णांकांत सहज जमलं असतं. खरं कारण वेगळं : ड्रायव्हरनं जे मोजलं ते सांगावं. टाकीचा आकार, हवेचं तापमान, किती लिटर उरलं, हे वरच्या स्क्रिप्टचं काम. उद्या हाच सेन्सर कुणी विहिरीवर लावला तर ड्रायव्हरला हात लावावा लागू नये.

भाच्यानं हाच कोड पुण्यात त्याच्या जुन्या पाय झिरोवर घेतला. तिथे बिल्ड अडला : "एईएबीआय यूएलडिव्हमॉड" सापडत नाही. तो बोर्ड ३२ बिटचा. ६४ बिटच्या आकड्याला नुसत्या भागाकार चिन्हानं भागलं की कंपायलर एक मदतनीस फंक्शन मागतो, ते ३२ बिट कर्नलमध्ये नसतं. डिव्ह-यू६४ वापरा. माझ्या ६४ बिट पायवर हे कधीच दिसलं नसतं.

६ जुलै

आतापर्यंत ड्रायव्हर स्वतःची वेगळी फाइल बनवून आकडा देत होता. तो आयआयओ या सबसिस्टिममध्ये बसवला. सेन्सर मोजणारे ड्रायव्हर तिथेच असतात. अंतराचा चॅनल जाहीर केला, कच्चा आकडा आणि स्केल दिलं, की फाइल्स, नावं, नोंदणी सगळं तेच बघतं. माझ्या कोडचा मोठा तुकडा गळून पडला. आधी हाती लिहून मग हे केल्यामुळे आत काय होतं ते कळतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तिथे शेजारच्या फाइल्स चाळताना प्रॉक्सिमिटीच्या फोल्डरमध्ये एसआरएफ०४ या अशाच अल्ट्रासॉनिक सेन्सरचा ड्रायव्हर भेटला. हेच काम, कर्नलमध्ये तयार. ट्रिगर, एको, दोन कम्प्लीशन, म्युटेक्स. ज्यांना फक्त पाणी मोजायचंय त्यांनी ओव्हरलेत त्याची कम्पॅटिबल ओळ लिहावी आणि आपल्या कर्नलमध्ये तो मॉड्यूल आहे का ते बघावं.

मी तो ओळ न् ओळ वाचला. मुदत त्याचीही २० मिलिसेकंद. ट्रिगर एसआरएफ०४ साठी १० मायक्रोसेकंद, पण मॅक्सबोटिक्सच्या सेन्सरसाठी २०. म्हणजे माझ्या बोर्डानं काही जगावेगळं मागितलं नव्हतं. आवाजाचा वेग २० अंशाचा धरलाय, तापमानाच्या भानगडीत तोही पडत नाही. आणि एक गोष्ट मला सुचलीच नव्हती : पिन मिळाल्यावर तो विचारतो की ही पिन वाचताना झोपावं लागतं का. आयटूसी या दोन वायरींच्या बसवरच्या एक्सपांडरच्या, म्हणजे जादा पिना देणाऱ्या चिपच्या, पिना तशा असतात, त्या हँडलरमध्ये वाचता येत नाहीत. तसं असेल तर तो प्रोबमध्येच स्पष्ट एरर देऊन थांबतो. माझा तिथे पुन्हा "शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक" वर गेला असता. तेवढ्या चार ओळी माझ्यातही घातल्या.

चेकपॅच (कर्नलच्या कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवला. लांबलचक यादी, बहुतेक ओळींच्या शेवटच्या मोकळ्या स्पेस आणि कंसांच्या जागा. सगळ्या दुरुस्त केल्या. यात खरा दोष एक निघाला, एका एरर संदेशाला शेवटी नवी ओळ नव्हती.

१३ जुलै

खर्च : सेन्सर ३८०, रेझिस्टर-वायरी ६०, सीरियल केबल १७०, कार्ड ४२०, तापमानाचा सेन्सर ११०, पाइप ९०. एकूण १,२३० रुपये, पाय जुनाच. बाजारात टाकीचा तयार अलार्म याहून स्वस्त मिळतो.

टिकलीवर सकाळी दव जमतं आणि काही मोजण्या वाया जातात. स्क्रिप्ट पाच मोजण्यांतली मधली घेते, त्यामुळे सध्या भागतंय.

सेक्रेटरी काकांना आता तळटाकीतही हेच हवंय. वायर तेवढी लांब नेता येणार नाही, दुसरा पाय खाली ठेवावा लागेल. पण आधी टेबलावर एकाच पायला दोन सेन्सर लावून बघणार आहे. ओव्हरलेत दोन नोड, वेगळी नावं, वेगळ्या पिना, आणि प्रोब दोनदा चालेल. त्यासाठी आज फाइलभर ग्लोबल व्हेरिएबल शोधली. एकच निघालं : शेवटच्या मोजणीची वेळ, ६० मिलिसेकंदांच्या अंतरासाठी ठेवलेली. एका सेन्सरसाठी बरोबर. दोन असले की एकानं मोजल्यावर दुसरा उगाच थांबेल. ते डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये हलवलं. दोन्ही टिकल्या एकाच खोलीत असल्या तर मात्र एकीचा आवाज दुसरीला ऐकू जाईल, म्हणून टेबलावरच्या चाचणीत त्यांची तोंडं उलट दिशांना ठेवायची आहेत.